दोन कानांचा पेला

१० फेब्रुवारी १८४७, सॉल्टर्स बे, नेव्हिस

आधीच्या पाळकांच्या पत्नी डॉब्सनबाई जाताना ही वही देऊन गेल्या. म्हणाल्या, "केटुराबाई, प्रत्येक मेथडिस्टाने आपल्या जिवाची दैनंदिनी ठेवावी. रोज लिहायचं, आज माझा जीव देवाच्या किती जवळ आहे आणि किती लांब."

बरं. माझा जीव बरा आहे. आता नव्या पाळकांचं लिहिते.

आमच्यात पाळक तीन वर्षांच्या वर एका गावी टिकू देत नाहीत. वरून हुकूम येतो, जुने जातात, नवे येतात, आणि मिशनघरात चूल मात्र मीच पेटवते. नव्यांचं नाव सायलस पेनहेल. आधी डॉमिनिका बेटावर होते. उंच, गोरे, वाळके, पस्तिशीच्या आतबाहेरचे. लाटांमधून नाव वाळूला लागली तसे उतरले आणि तिथेच गुडघ्यांवर बसले. सगळा गाव हेलावला. "बघा, पाय टेकताच प्रार्थना!" म्हणत अ‍ॅब्सलमदादांनी स्तोत्र सुरू केलं. अ‍ॅब्सलमदादा म्हणजे आमचे गावातले उपदेशक, धंद्याने सुतार, आवाज असा की पलीकडच्या मळ्यातली गाढवं कान टवकारतात. पण मी पुढे उभी होते, मला दिसलं. पाळकसाहेब ओकत होते. आणि वाळू दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवली होती, कोणी ओढून नेईल अशी.

घरी आले ते थेट स्वयंपाकघरात. खुंटीवरचा माझा तुंबा काढला, रांजणात बुडवला, घटाघटा प्याले आणि पुन्हा खुंटीला अडकवून ठेवला. माझा स्वतःचा तुंबा, ज्याने मी पाणी पिते तो! डॉब्सनसाहेबांना काचेचा पेला लागायचा, तोही पुसून. माझी मेली वाचाच बसली.

सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक बायकी टोपीची पेटी. पेटीवर मिठाचे पांढरे डाग, दोरी कुजलेली. माणूस तर सडा आहे म्हणतात. मग टोपी कोणाची? हे शोधून काढायला हवं.

त्याच गलबतातून आणखी कोण उतरलं तेही पाहून घेतलं. ते डेमेराराहून, तिकडे दक्षिणेच्या मळ्यांच्या मुलखातून येतं ना. दोन बायका उतरल्या, कोणी ओळखीची नव्हती. मी आपली चौकस, एवढंच.

७ मार्च

नव्याचे नऊ दिवस संपले. गावाचं मत असं की पाळक कष्टाळू आहेत, पण प्रवचन म्हणजे मीठ न घातलेलं कोनफळ. आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढतात. म्हाताऱ्या जुबाला कोणी नव्हतं, तर तिची कबर स्वतः खणायला उतरले, हाताला फोड आले. ते सगळं ठीक. पण आज वाचन मत्तयाच्या चौदाव्या अध्यायाचं होतं, पेत्र पाण्यावरून चालतो ते. निम्म्यावर आले, पान उलटलं, आणि पुढचा अध्याय वाचायला लागले.

"दोन पानं चिकटली असतील," मी म्हटलं.

"पानं नाही चिकटली, जीभ चिकटली," अ‍ॅब्सलमदादा म्हणाले. "केटुरा, तू त्यांना खाऊ घालतेस म्हणून त्यांची बाजू घेऊ नकोस."

"तुम्हाला तिथे उभं राहायला मिळालं नाही म्हणून तुम्ही खार खाऊ नका, दादा."

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. झोंबू देत.

१७ मार्च

आज तिमाही तिकिटांची फेरी. पाळक प्रत्येक सभासदाला समोर बसवतात, जीव कसा आहे विचारतात, आणि उत्तर पटलं तर तिकीट देतात. एवढासा छापील कागद, पण त्याशिवाय प्रीतिभोजनाला दार उघडत नाही. फिबाआजीने तर आपली सगळी तिकिटं उशीत शिवून ठेवली आहेत. मेल्यावर उशी पेटीत घालायची, अशी ताकीद आहे.

माझी पाळी आली. मी दर मंगळवारच्या बायकांच्या वर्गाची पुढारी. तिथे हाच प्रश्न मी सगळ्यांना विचारते, मला काय त्याचं अवघड? मी सांगितलं, "एकोणतीस साली चिंचेच्या झाडाखाली प्रवचन ऐकताना माझ्या पापांचं ओझं उतरलं. तेव्हापासून जीव उत्तम आहे."

"उत्तम," ते म्हणाले. "आणि एकोणतीस सालानंतर?"

"नंतरही उत्तमच."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग तिकीट दिलं. विचित्रच माणूस! असा खोदून प्रश्न आजवर एकाही पाळकाने विचारला नव्हता. दुपारभर जरा चिडचिड झाली. भात करपला.

२८ मार्च, रविवार

लिहू की नको असं झालंय.

आज प्रीतिभोजन झालं. भाकरीचे तुकडे वाटले, मग दोन कानांचा तो मोठा पेला फिरला, नुसत्या पाण्याचा. एकाने घोट घ्यायचा, उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, आणि पेला शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. एक कान देणाऱ्याच्या हातात, एक घेणाऱ्याच्या. क्वाको कोळी प्याला, फिबाआजी प्याली, मग पेला पाळकांकडे गेला.

त्यांनी तो धरला. आत पाहिलं. पेला हिंदकळून पाणी माझ्या मांडीवर सांडलं, कारण मी पलीकडे बसले होते. आणि न पिता, न बोलता, त्यांनी पेला माझ्या हातात दिला.

मी प्याले आणि माझी चिंचेच्या झाडाची साक्ष सांगितली. पण कोणी ऐकत नव्हतं. सगळे पाळकांकडे बघत होते.

प्रवासाने पोट बिघडलं असेल. असं मी सगळ्यांना सांगितलं.

२२ मे

शनिवारी दुपारी पाळकसाहेब कुठे जातात, हे मला आज कळलं, आणि हसून हसून मुरकुंडी वळली.

दर शनिवारी टॉवेल काखोटीला मारून जायचे आणि ओल्या केसांनी यायचे. माझा संशय क्वाकोच्या बहिणीवर. विधवा आहे, देखणी आहे, आणि टोपी घालायची हौसही आहे. म्हटलं, चला, टोपीच्या पेटीचा उलगडा होईल. म्हणून गेले मागोमाग. समुद्रद्राक्षाच्या झुडपांत लपले. पाहते तर काय! पाळकसाहेब लांब सदऱ्यात कमरेइतक्या पाण्यात उभे, चेहरा पांढराफटक, आणि क्वाको त्यांच्या पोटाखाली हात धरून ओरडतोय, "पाय मारा! पाय! पाय म्हणजे काय प्रवचन आहे, हळूहळू चालायला?"

ते बुडाले, वर आले, खोकले, आणि पुन्हा आडवे झाले. कितीदा तरी. मळ्यावरचं एखादं जनावर इतक्या वेळा आपटलं असतं तर पुन्हा उठलं नसतं.

नंतर क्वाकोला बाजूला घेतलं. "हे काय खूळ?"

"मला काय ठाऊक? म्हणाले शिकव, मी शिकवतो. पण केटुराबाई, तो माणूस पाण्याला जाम घाबरतो. दर शनिवारी येतो आणि दर शनिवारी घाबरतो."

"मग येतो कशाला?"

"तेच तर."

मला वाटतं, डॉक्टरने सांगितलं असणार. समुद्रस्नान पचनाला चांगलं असतं म्हणतात.

परत येताना किनाऱ्यासमोर डेमेरारावालं गलबत नांगरलेलं होतं. मासळी घ्यायला थांबले. गलबतावर मासळी नसते, हे क्वाकोने उगाच बोलून दाखवलं.

२७ जून, रविवार

पुन्हा तेच. दुसरं प्रीतिभोजन, पेला आला, पेला गेला, ओठाला लागला नाही. आणि आज पोट बिघडल्याचं कारण नाही, सकाळी माझ्या हातचा खारा मासा दोनदा घेतला होता.

बाहेर पडल्यावर अ‍ॅब्सलमदादा हळू बोलले. ते हळू बोलतात तेव्हा खरे रागावलेले असतात. "पेला त्यांच्याआधी कोणाच्या ओठाला लागला होता, केटुरा? क्वाकोच्या. फिबाआजीच्या. आता तूच समज."

मला समजलं. मळेवाल्याच्या मोठ्या घरात मी मोलकरीण होते, म्हणजे विकत घेतलेली होते, तेव्हा आमच्यापैकी कोणाचा ओठ चुकून पेल्याला लागला तर मालकीणबाई तो पेला पायरीवर फोडायला लावायच्या. फोडायचा आमच्याच हाताने. आता स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली, आणि देवाच्या घरात, देवाच्या पाण्याला...

फार वाईट वाटलं. हा माणूस मला आवडायला लागला होता.

माझा तुंबा खुंटीवरून काढून माझ्या खोलीत ठेवला. त्यांच्यासाठी डॉब्सनसाहेबांचा काचेचा पेला काढलाय. पुसून.

१९ ऑगस्ट

पुढाऱ्यांची बैठक झाली. पाळक शाळेत होते, म्हणून त्यांच्या पाठीमागेच. जानेवारीत अँटिग्वाला जिल्हासभा भरते. तिथे प्रत्येक पाळकाचं नाव घेऊन विचारतात, "या बंधूबद्दल कोणाची तक्रार आहे का?" अ‍ॅब्सलमदादा म्हणाले, आहे. ज्याला आमच्या पेल्याची किळस येते आणि ज्याच्यापाशी देवाची साक्ष नाही, त्याने आम्हाला तिकिटं वाटू नयेत. सप्टेंबरच्या प्रीतिभोजनाला तिसऱ्यांदा असंच झालं तर तक्रार जाणार. मग त्यांचा झगा उतरवतील आणि परत पाठवतील. पाळकाला तसं परत जाणं म्हणजे चोर ठरून जाण्यासारखं.

"केटुरा, तू घरात वावरतेस. तुझी सही आमच्या सगळ्यांपेक्षा वजनाची. करशील ना?"

मी हो म्हटलं.

जेवण गेलं नाही.

१६ सप्टेंबर

मी मूर्ख आहे. अशी मूर्ख की शोधून सापडायची नाही.

आज दुपारी पाळकसाहेब कबरस्तानातून आले, घामाघूम. मी काचेचा पेला पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, खुंटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "केटुराबाई, तुंबा कुठे गेला? किती दिवस बघतोय. त्यातलं पाणी गार लागायचं."

मी उभीच राहिले. पहिल्या दिवसापासून हा माणूस माझ्या उष्ट्या तुंब्याने पाणी पितोय. मीच लिहिलंय या वहीत. काखेत कळसा नि गावाला वळसा!

मग माझी जीभ सुटली. "आमच्या ओठांची किळस येत नाही, तर मग प्रीतिभोजनाचा पेला का ढकलता? गाव काय म्हणतो ठाऊक आहे? काळ्यांच्या तोंडचं पाणी गोऱ्या पाळकाला चालत नाही म्हणतो!"

त्यांच्या हातातला पेला खाली पडून फुटला. खरंच सांगते, फुटला.

"असं वाटलं लोकांना?" एवढंच म्हणाले. मग काचा वेचायला खाली बसले आणि वेचता वेचता बोलू लागले, माझ्याकडे न बघता. "तो पेला घेतला की खरं बोलावं लागतं. माझ्यापाशी बोलण्यासारखं नाही. खोटं बोलून पिण्यापेक्षा न पिणं बरं, असं वाटलं मला."

"काय नाही बोलण्यासारखं? तुम्ही पाळक ना? आम्हाला जीव कसा आहे विचारता."

"हो. विचारतो."

"मग तुम्हाला कोण विचारतं?"

त्यांनी आणखी एक काच उचलली. मी विचार केला, खरंच कोण विचारतं? सभासदाला वर्गपुढारी विचारते, वर्गपुढारीला पाळक विचारतो. पाळक कोणाच्या वर्गात असतो? कोणाच्याच नाही.

"मंगळवारी माझ्या वर्गाला या," मी म्हटलं. "बायकांचा आहे. बाकावर सरकून घेऊ."

तुंबा खुंटीला लावला. संध्याकाळी अ‍ॅब्सलमदादांकडे जाऊन तुंब्याचं सांगितलं आणि सही करणार नाही म्हटलं. ते म्हणाले, "स्वयंपाकघरात पिणं वेगळं नि चारचौघांत पिणं वेगळं. मोठ्या घरातले साहेबही स्वयंपाकघरात पुष्कळ काही करायचे."

२१ सप्टेंबर, मंगळवार

ते आले. फिबाआजी आणि धोबीण सुकी यांच्या मध्ये बसले, गुडघे हनुवटीला लागले होते. वर्गात बोललेलं बाहेर काढायचं नाही, असा आमचा नियम आहे. या वहीला मी बाहेर धरत नाही.

ओळीने सगळ्यांना विचारलं. मग त्यांची पाळी आली. "बंधू पेनहेल, तुमचा जीव कसा आहे?"

मग ते बोलले. डॉमिनिकाच्या किनाऱ्याजवळ गलबत उलटलं होतं. बायको बरोबर होती, नाव ग्रेस. ते डोलकाठीला एका हाताने लटकले होते, दुसऱ्या हातात तिचा हात. लाट आली. "मी दोन्ही हात डोलकाठीला लावले," ते म्हणाले. "कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेले. तेव्हापासून प्रार्थना म्हणतो ती तोंडाने. आता पोहायला शिकतोय. त्याचा आता तिला काय उपयोग, मला कळतं. हसायला हरकत नाही."

म्हणजे टोपी तिची. आणि मी झुडपात बसून हसले होते. देवा, मला क्षमा कर.

कोणी हसलं नाही. सुकी रडत होती. शेवटी फिबाआजी म्हणाली, "मग येतं का आता पोहता?"

"थोडं."

"झालं तर. पुढच्याला धरशील."

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की मला नजर वळवावी लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि पुढारीबाईंचा जीव कसा आहे?"

"एकोणतीस साली, चिंचेच्या झाडाखाली—"

"ते मार्चमध्ये सांगितलंत."

मी स्तोत्र सुरू केलं. वेळ झाली होती.

२६ सप्टेंबर, रविवार

आज खुर्ची मोकळी नव्हती. गाव तमाशा बघायला लोटतो तसा तिकिटं मुठीत धरून लोटला होता. अ‍ॅब्सलमदादा मुद्दाम पाळकांच्या शेजारी बसले, मी त्यांच्या पलीकडे. मला सगळं ठाऊक होतं आणि एक शब्द बोलता येत नव्हता.

पेला क्वाकोकडून फिबाआजीकडे आला, आणि आजीने एक कान पाळकांच्या हातात दिला. दुसरा तिने सोडला नाही.

ते उभे राहिले. आजीला पण उभं राहावं लागलं, पेल्याला धरून. म्हणाले, "माझ्याविषयी जे वाटलं ते वाटू देण्यात माझी चूक झाली. मला तुमची किळस नाही. या पेल्याची भीती होती. माझी बायको समुद्रात गेली, मी तिचा हात सोडला, आणि त्या दिवसापासून देवाने माझ्यासाठी काय केलं ते मला सांगता येत नाही. माझी साक्ष नाही. तुम्हाला साक्ष असलेला पाळक हवा असेल, तर तक्रार करा, ती खरीच—"

"बाबा, आधी पाणी पी," फिबाआजी म्हणाली. "घसा सुकलाय तुझा, इथवर ऐकू येतंय."

ते प्याले. मोठा घोट, हनुवटीवरून ओघळेपर्यंत.

मग पेला अ‍ॅब्सलमदादांकडे आला. त्यांनी तो हातात फिरवला नाही. पाळकांचे ओठ जिथे लागले होते तिथेच आपले लावले आणि प्याले. साक्ष द्यायला उठले, पण तो सगळा आवाज कुठे गेला कोण जाणे. "माझा एक भाऊ होता," एवढं म्हणून खाली बसले.

आणि पेला माझ्याकडे आला.

मी प्याले, उभी राहिले, चिंचेचं झाड जिभेवर तयार होतं. तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच. "मला एक मुलगी आहे."

माझं मलाच ऐकू आलं. मग थांबता येईना. मालकीणबाईंची बहीण डेमेराराला गेली तेव्हा सोबतीला माझी सात वर्षांची पोर घेऊन गेली. तेव्हा मला कोणी विचारलं नाही आणि नंतरही कोणी विचारलं नाही. कारण मी सगळ्यांना विचारत राहिले, की माझ्यावर पाळी येऊ नये. दर गलबताला मी मासळी घ्यायला जाते. तिथे मासळी नसते. हे सगळं गावासमोर बोलले आणि ओक्साबोक्शी रडले, या वयात.

क्वाको म्हणाला, "आम्हाला ठाऊक होतं, केटुराबाई." सगळ्यांना ठाऊक होतं म्हणे. मग इतकी वर्षं गप्प का होते मेले?

"तू विचारू देशील तर ना," फिबाआजी म्हणाली.

तक्रारीचं कोणी नाव काढलं नाही.

११ जानेवारी १८४८

पाळकसाहेब आज अँटिग्वाच्या जिल्हासभेला निघाले. गलबताने. दुसरा रस्ताच नाही.

काल त्यांनी मला बसवून ठरवलं. सभेत ते बंधूंना विनंती करणार, डेमेराराच्या पाळकांना लिहा म्हणून. तिथल्या प्रत्येक चॅपेलात, प्रत्येक मळ्यावर, रविवारी प्रवचनाआधी नाव पुकारायचं. नेव्हिसची केटुरा मॉर्टन आपल्या मुलीला शोधते आहे.

"ती जिवंत नसली तर?" मी विचारलं. हे कधी मोठ्याने बोलले नव्हते.

"तर तेही आपण एकत्र ऐकू," ते म्हणाले.

सकाळी अख्खा गाव किनाऱ्यावर. त्यांचा चेहरा पहिल्या दिवशी होता तसाच, राखेसारखा. ओकतील असं वाटलं. नावेत पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. अ‍ॅब्सलमदादांनी दंड धरला तर म्हणाले, "नको, दादा. जातो मी."

"ओकायला झालं तर वाऱ्याकडे तोंड करू नका," मी ओरडले. सगळे हसले, तेही.

नाव लाटांवर चढली. ते एका हाताने काठ धरून बसले होते, एकाच, आणि दुसरा वर केला होता. मी पाण्यात गुडघ्यांपर्यंत गेले. "नाव विसरू नका!"

"सॅबिना!" वाऱ्यातून त्यांचा आवाज आला. प्रवचनाला कधी एवढा आवाज नव्हता लागला. "सॅबिना! डाव्या भुवईवर व्रण! हसताना खालचा ओठ चावते!"

चावायची. आता चावते की नाही कोण जाणे. पण मागे किनाऱ्यावर क्वाकोने नाव उचललं, मग सुकीने, मग अ‍ॅब्सलमदादांनी आपल्या त्या गाढवं उठवणाऱ्या आवाजात. इतक्या वर्षांत तिला कोणी नावाने हाक मारली नव्हती. आज गावाने मारली.

नाव गलबताला लागेपर्यंत उभी राहिले. मग घरी येऊन तुंबा धुतला, खुंटीला अडकवला.

डॉब्सनबाई, माझा जीव आज देवाच्या किती जवळ आहे ते मला ठाऊक नाही. तो घरात नाही एवढं नक्की. तो त्या गलबतात आहे.